वाफा उघडा नको, भोवती आडोसा नको

प्रश्न: घरामागच्या मोकळ्या जागेत साधारण १० बाय १२ फुटांचा भाजीचा वाफा केला आहे. माती खोल खणली, शेणखत घातलं, टोमॅटो आणि वांग्याची रोपं लावली, शेजारी पालक आणि गाजर पेरलं. पंधरा दिवसांत तण माजलं. दर रविवारी खणून काढते, पुढच्या रविवारी तेवढंच पुन्हा उभं. काही रोपं सकाळी बुंध्याशी कापून आडवी पडलेली दिसतात. टोमॅटोला रंग चढला की दुसऱ्या दिवशी अर्धा खाल्लेला असतो. मांजर वाफा उकरून घाण करून जातं. वाफ्याला लागून कुंपणाकडेला गुडघाभर गवत आणि जुन्या विटांचा ढीग आहे, उंदीर तिथून येत असावेत. कुणी म्हणतं मीठ टाका, कुणी डांबरगोळ्या ठेवा, कुणी उंदराचं औषध घाला. प्राणी पळवणारं आवाजाचं यंत्रही आणून झालं. आता सगळं सोडून द्यावंसं वाटतं. काय करू? – एक वाचक

उत्तर:

ताई, सोडून देऊ नका. मेहनतीत तुम्ही कुठेही कमी पडलेल्या नाहीत. पण पत्र नीट वाचलं तर तुमच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींच्या मुळाशी दोनच गोष्टी दिसतात. एक, वाफ्यातली माती उघडी आणि भुसभुशीत आहे. दोन, वाफ्याला खेटून दाट आडोसा आहे. उघड्या ओल्या मातीत तणाचं बी उगवतं, मांजराला उकरायला ती हवीच असते आणि पेरलेलं बी शोधायला खारीलाही तीच सोपी पडते. गवत आणि विटांच्या आडून उंदीर, घुशी, गोगलगायी थेट रोपापर्यंत पोहोचतात, त्यांना उघड्यावरून चालावंच लागत नाही. म्हणून तण आणि प्राणी यांवर वेगवेगळे उपाय शोधण्याआधी हे उलटं करा: वाफ्यातली माती झाका आणि वाफ्याभोवतीची जागा मोकळी करा.

सुरुवात त्या रविवारच्या खणण्यापासून करू, कारण ते आधी थांबवायला हवं. मातीच्या प्रत्येक थरात तणाचं बी पडलेलं असतं. बारीक बियांच्या पुष्कळ तणांना उगवण्यासाठी उजेडाची चाहूल लागते. खोल गाडलेलं बी अंधारात वर्षानुवर्षं स्वस्थ राहतं. तुम्ही कुदळ घातली की ते वर येतं, उजेड बघतं आणि उगवतं. हे बी किती काळ जिवंत राहू शकतं याचा एक प्रयोग आजही चालू आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली २० बाटल्यांमध्ये वाळू आणि वेगवेगळ्या वनस्पतींचं बी भरून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बी पेरून पाहतात. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतलं काही बी १४१ वर्षांनंतरही उगवलं. त्यामुळे आपल्या जमिनीतलं बी संपवण्याचा विचारच नको. ते आहे तिथे झोपू द्यायचं.

मग तण काढायचं कसं? खुरप्याचं पातं जवळजवळ आडवं धरून वरचा दोन सेंटिमीटर थर फक्त खरवडायचा, आणि तो कधी, तर तण दोऱ्याएवढं बारीक असताना. या वयात त्याचं मूळ तुटलं की तासाभराच्या उन्हात ते मरतं. सकाळी, माती वरून कोरडी असताना, ऊन पडणार असेल त्या दिवशी हे काम करा. पाणी दिल्यावर लगेच किंवा पावसाची चिन्हं असताना खुरपलं तर उपटलेलं तण पुन्हा मूळ धरतं. आठवड्यातून एकदा दोन तास राबण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटं खरवडलेलं कितीतरी बरं, कारण तण या बारीक अवस्थेत फार थोडे दिवस असतं.

हे झालं बियांपासून येणाऱ्या तणांचं. तुमच्याकडे खणूनही आठवड्यात "तेवढंच पुन्हा उभं" राहतं, त्यावरून मला दुसराच संशय येतो. वर आलेल्या पातीचा दांडा बोटांच्या चिमटीत धरून फिरवून बघा. तीन कडा हाताला लागल्या तर तो लव्हाळा. साध्या गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याचा त्रिकोणी. आता त्या दांड्याभोवतीची माती हळूच मोकळी करत खाली जा. आधी बुंध्याशी एक छोटी फुगीर गाठ सापडेल, तिच्यातून निघालेला तारेसारखा धागा दिसेल, आणि त्या धाग्याला पुढे काळपट तपकिरी गाठ, तिला पुन्हा धागा, पुन्हा गाठ. पाती ओढली की धागा तुटतो आणि गाठी खालीच राहतात. कुदळीने खणलं की माळ तुटून प्रत्येक गाठ सुटी होते आणि एकाच्या जागी चार कोंब येतात. लव्हाळ्यावर दर रविवारी कुदळ चालवणं म्हणजे त्याची लागवड करणंच आहे.

लव्हाळ्याला हटवायचे मार्ग दोन आणि दोन्ही चिकाटीचे. वाफा रिकामा असेल तेव्हा काट्याच्या फावड्याने अख्खा ढेकूळ उचलून गाठी हाताने वेचून काढायच्या. त्या बहुतेक वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच असतात, त्यामुळे हे वाटतं तितकं अशक्य नाही. उभ्या पिकात मात्र खोल जायचं नाही. पाती दिसली की काढायची, आणि दर दोन-तीन आठवड्यांच्या आत पुन्हा काढायची. प्रत्येक नवी पाती फुटायला गाठीतला साठा खर्च होतो. कोंब वर आल्यानंतर साधारण महिना-सव्वा महिन्यात नव्या गाठी धरायला लागतात, त्याच्या आत तुम्ही पोहोचत राहिलात तर साठा घटत जातो. एका हंगामात तो संपेल अशी आशा ठेवू नका, दुसऱ्या हंगामात फरक दिसेल. या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.

हरळी वेगळी. ती जमिनीवरून आणि जमिनीखालून कांड्या पसरत येते, बहुधा वाफ्याबाहेरून. प्रत्येक पेरातून तिला मूळ फुटतं, म्हणून तुकडे न करता अख्खी कांडी ओढून काढावी लागते. तिचा कमकुवतपणा म्हणजे सावली. दाट पिकाखाली ती खुरटते. वाफ्याच्या कडेने वीतभर खोल चर ठेवला आणि तो अधूनमधून साफ केला, तर तिचं आत येणं बरंच थांबतं. घोळीसारखं मांसल तण मात्र उपटून वाफ्यात टाकायचं नाही. त्याच्या दांड्यात इतकं पाणी असतं की ते पडल्या जागी मूळ धरतं, आणि फुलावर आलेलं असेल तर उपटल्यावरही बी पिकवतं.

सगळ्या हंगामभर वाफा लख्ख ठेवण्याचा ताण घेऊ नका. रोप लावल्यापासून पहिले चार ते सहा आठवडे कळीचे. त्या काळात टोमॅटो, वांगी, मिरची तणमुक्त राहिली तर पुढे त्यांचीच सावली तणाला दाबते आणि उशिरा आलेल्या तणाने उत्पन्न फारसं घटत नाही. गाजर, कांदा यांचं तसं नाही. त्यांची पानं बारीक, वाढ संथ. त्यांना कितीतरी जास्त काळ जपावं लागतं.

गाजरासाठी पुढच्या वेळी एक युक्ती करा. वाफा तयार करून लगेच पेरू नका. पाणी द्या आणि दहा-बारा दिवस थांबा. वरच्या थरातलं तण उगवून येईल. ते अगदी वरवर खरवडून टाका, माती खालून हलवू नका, आणि मग पेरा. गाजर उगवायला एक ते तीन आठवडे घेतं. त्या काळात रिकाम्या ओळी ओळखू याव्यात म्हणून ओळीत थोडं मुळ्याचं बी मिसळा. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो आणि खुरपं कुठे चालवायचं ते दाखवतो.

आता झाकण्याविषयी. रोपं वीतभर झाली की त्यांच्यामधल्या जागेवर सुका पालापाचोळा, पेंढा किंवा वाळलेलं गवत पाच ते आठ सेंटिमीटर जाड पसरा. याहून पातळ थरातून तण वर येतं. बुंध्याभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओलाव्याने बुंधा कुजतो आणि कुरतडणाऱ्याला आडोसा मिळतो. ताजं कापलेलं गवत जाड थराने टाकू नका, ते तापतं आणि त्याचा चिकट थापा होतो. बी धरलेलं गवत तर मुळीच नको. लव्हाळ्याला हे आच्छादन पुरत नाही, त्याचं टोक काळ्या प्लॅस्टिकमधूनही भोक पाडून वर येतं. गोगलगायी फार असतील तर आच्छादन पातळ ठेवा आणि रोपं मोठी झाल्यावरच टाका. ओलसर पेंढ्याखाली त्या दिवसा मजेत राहतात.

पेंढा आणि शेणखत आणताना एक विचारपूस जरूर करा. गवताळ कुरणांवर वापरली जाणारी अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं जनावरांच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही टिकून राहतात. असं शेणखत घातलं की टोमॅटोचे शेंडे पिळवटतात, पानं द्रोणासारखी वळतात आणि माणूस रोग समजून फवारण्या करत बसतो. शंका असेल तर एका कुंडीत ते खत मिसळून आणि दुसरीत न मिसळता घेवड्याचं बी लावा. तीन आठवड्यांत दोन्हीकडची पानं शेजारी ठेवून बघितली की कळतं. अर्धकच्चं शेणखत हा तणाच्या बियांचाही मोठा स्रोत आहे. तुमचं तण खत घातल्यावर एकाएकी वाढलं असेल तर तेही कारण असू शकतं.

प्राण्यांकडे वळताना माझा एकच आग्रह आहे: आधी गुन्हेगार ओळखा. बुंध्याशी कापून आडवी पडलेली रोपं तुम्ही उंदरांच्या नावावर टाकली आहेत. मला ते पटत नाही. उंदीर कोवळं रोप कापून सगळंच्या सगळं तिथेच टाकून जाईल असं सहसा होत नाही. पडलेल्या रोपाभोवती हातभर नाही, फक्त चार बोटांच्या घेरात, दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत माती बोटांनी उकरा. मळकट राखाडी, गुळगुळीत, हात लागताच गोल वेटोळं करणारी जाड अळी मिळाली, तर ती रोपं कुरतडणारी अळी. दिवसा ती मातीत असते आणि रात्री वर येऊन जमिनीलगत दांडा कापते. सापडली की काढून टाका, नाहीतर उद्या शेजारचं रोप जाईल. नव्या रोपाभोवती जाड पुठ्ठ्याची कडी घाला, वर पाच सेंटिमीटर आणि मातीत दोन-तीन सेंटिमीटर. एवढ्याने पुष्कळ रोपं वाचतात.

बाकीचे ओळखायला एक रात्र टॉर्च घेऊन वाफ्यावर जा, अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी. पानांवर चकचकीत वाळलेली रेघ आणि वेडीवाकडी भोकं असतील तर गोगलगाय. कोवळा शेंडा चाकूने कापल्यासारखा तिरका तुटला असेल तर ससा. पान ओरबाडल्यासारखं फाटलं असेल तर मोठं जनावर, शेळी किंवा हरीण. फळावर दोन-दोन दातांच्या समांतर खाचा असतील आणि नुकसान रात्रीचं असेल तर उंदीर. दिवसा झालं असेल तर बहुतेक खार. एकच खोल भोक आणि त्याभोवती चोच मारल्याच्या खुणा असतील तर पक्षी. संध्याकाळी वाफ्याच्या कडेने बारीक कोरडी माती चाळून पातळ पसरली तर सकाळी पावलांचे ठसेही मिळतात.

टोमॅटोचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत वेलावर ठेवायची गरज नाही. हिरव्या फळाच्या खालच्या टोकाला पहिली गुलाबी छटा दिसली की त्याची पिकण्याची क्रिया आतून सुरू झालेली असते. तेव्हाच तोडा आणि घरात, उन्हापासून दूर ठेवा. फळ स्वतःच सोडत असलेल्या इथिलीन वायूमुळे ते काही दिवसांत पूर्ण पिकतं. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने पिकणं आणि चव दोन्ही मार खातात. एवढ्या एका सवयीने खार, पक्षी आणि उंदीर तिघांचंही आवडतं खाद्य वेळेआधी घरात येतं.

उंदरांसाठी खरा उपाय कुंपणाकडेचं ते गवत आणि विटा. उघड्यावरून जाताना आपल्याला कुणीतरी उचलेल ही भीती उंदराला कायम असते, म्हणून तो भिंतीच्या, गवताच्या कडेकडेने फिरतो. विटा हलवा, गवत जमिनीलगत कापा आणि वाफ्याभोवती निदान तीन फुटांचा पट्टा स्वच्छ ठेवा. पडलेली फळं रोज संध्याकाळी उचला. पाळीव प्राण्यांचं उरलेलं खाणं रात्री बाहेर राहू देऊ नका. बिळं दिसत असतील तर वाफ्याला लोखंडी जाळी लावावी लागेल. प्लॅस्टिकची ते कुरतडतात. जाळीची भोकं सहा मिलिमीटरच्या आत हवीत, कारण पेनाएवढ्या फटीतूनही लहान उंदीर शिरतो. जाळी जमिनीत फूटभर खाली न्या आणि खालचा भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा. कुंपणाशी येऊन खाली खणणारा प्राणी जाळीवर अडतो, आणि मागे सरून खणावं हे त्याला सुचत नाही.

मांजर भुसभुशीत माती शोधतं. ती झाकली की निम्मा प्रश्न संपतो. नुकत्याच पेरलेल्या भागावर, जिथे आच्छादन टाकता येत नाही, तिथे तारेची जाळी आडवी अंथरा किंवा काटक्या वीत-वीतभर अंतराने उभ्या खोचा. बसायला जागाच उरत नाही. त्याने केलेली घाण हातमोजे घालून लगेच उचला. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो आणि तिथे महिनोन्‌महिने टिकतो. गरोदर बाईने त्या मातीत उघड्या हाताने काम करू नये, आणि तिथली पालेभाजी सगळ्यांनीच वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी.

पक्ष्यांसाठी जाळी लावाल तर बारीक भोकांची आणि ताणून बसवा. बोट आत जात असेल तर ती जाळी नको. सैल, मोठ्या भोकांच्या जाळीत पक्षी, साप, वटवाघळं अडकून तडफडून मरतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर २०२१ पासून घरच्या फळझाडांच्या जाळीची भोकं ताणल्यावरही पाच मिलिमीटरच्या आत असावीत असा नियमच आहे. बुजगावणं आणि चमकत्या पट्ट्या चालतात, पण थोडे दिवस. म्हणून त्या हंगामभर टांगू नका. फळं धरायला लागली की लावा, दर दोन दिवसांनी जागा बदला आणि तोडा झाला की काढून ठेवा. मिरचीचं पाणी फवारायला सांगणारे भेटतील. मिरचीतल्या कॅप्सायसिनने खारीचं, उंदराचं तोंड भाजतं, पण पक्ष्यांना ते जाणवतच नाही. रानमिरच्यांचं बी पक्षीच दूरवर पसरवतात. शिवाय एका पावसात ते धुऊन जातं.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. मीठ टाकू नका. त्याने तण मरेल, तसं टोमॅटोही मरेल, आणि मातीतलं मीठ सहजी निघत नाही. डांबरगोळ्या उघड्यावर ठेवण्यासाठी नसतातच. त्यांचा विषारी वायू वाऱ्याने उडून जातो, प्राणी तसेच राहतात, आणि गोळी मात्र लहान मुलाच्या हाती लागते. ध्वनिलहरींच्या यंत्रांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २००१ मध्ये साठहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. तुमचं यंत्र परत करता येत असेल तर करा. गोगलगायींसाठी अंड्याची टरफलं आणि तांब्याची पट्टी हेही सांगितलं जातं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये सॅलडच्या पानांच्या रोपांवर हे उपाय तपासले तेव्हा त्यांचा काहीच फरक पडला नाही. त्यापेक्षा रात्री टॉर्चच्या उजेडात हाताने वेचलेल्या बऱ्या. औषधच लागलं तर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या घ्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी कुत्री दगावतात.

उंदराच्या विषाला माझा ठाम नकार आहे. बहुतेक विषं रक्त गोठू न देणारी असतात. उंदीर खाऊन लगेच मरत नाही, काही दिवस गुंगत फिरतो, आणि त्या अवस्थेत त्याला घुबड किंवा मांजर सहज पकडतं. विष त्यांच्याही पोटात जातं, म्हणजे उंदरांना आपणहून आटोक्यात ठेवणारे तुम्ही आधी घालवता. पिंजरा लावा, भिंतीला लागून. अर्धवट खाल्लेलं फळ उरलेला भाग चांगला दिसतो म्हणून कापून वापरू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा गंभीर आजार होऊ शकतो. ते खोल पुरा आणि हात साबणाने धुवा.

या आठवड्यात फक्त विटा आणि गवत हलवा, आणि पडलेल्या रोपाखाली अळी आहे का ते बघा. पुढच्या आठवड्यात आच्छादन. जाळीवर पैसे त्यानंतर, गरज उरली तरच. अळी सापडली नाही, तर कापलेल्या दांड्याचा जवळून फोटो आणि ठशांचा फोटो पाठवा. काप तिरका आहे, सपाट आहे की चुरडलेला, त्यावरून पुढचं नक्की सांगता येईल.